मदत हवी आहे: रात्रीची भट्टी दिवसा आणावी का? फाउंड्रीच्या वीजबिलाविषयी

नमस्कार.

कोल्हापूर परिसरातील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी देखभाल आणि विद्युत असे दोन्ही विभाग पाहतो. आमच्याकडे एक टनाची इंडक्शन भट्टी असून तिचे पॅनल ६५० किलोवॉटचे आहे, आणि ग्रे आयर्नच्या (बिडाच्या) एक टन वितळलेल्या रसामागे सरासरी ६२० युनिटे लागतात. कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीशी करारात ठरलेली कमाल मागणी, १००० केव्हीए आहे. भट्टीखेरीज सॅन्ड प्लांट (साच्यांची वाळू तयार करणारा), दोन कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग (कास्टिंगची सफाई) आणि छोटे मशीन शॉप एवढा भार आहे.

आमची भट्टी कित्येक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच चालत आली. जुन्या टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या, दरांत या आठ तासांना युनिटमागे १ रुपया ५० पैसे सवलत होती, संध्याकाळी ६ ते १० या वेळेत १ रुपया १० पैसे जादा लागत, आणि बिलिंग डिमांड, म्हणजे डिमांड आकार ज्यावर लागतो ती मागणी, सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत नोंदलेल्या मागणीवरून धरली जात असल्यामुळे रात्रीच्या भट्टीचा भार तिच्यात येतच नसे. दिवसा साचे भरायचे, रात्री रस ओतायचा आणि सकाळी साचे फोडायचे, अशी सगळ्या कारखान्याची घडी त्या दरांवर बसली होती. कामगारांच्या पाळ्या, गाड्यांच्या वेळा, इतकेच काय, भट्टीचे लाइनिंग (आतले अस्तर) बदलण्याचा दिवसही त्यावरूनच ठरत असे.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार सौर तासांतला दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी ठेवायचा आणि औद्योगिक ग्राहकांसाठी सर्वाधिक मागणीच्या तासांतला दर किमान १.२ पट ठेवायचा असे ठरले. त्याच दिशेने महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार १ जुलै २०२५ पासून आपल्याकडे सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सवलतीचे आणि संध्याकाळी ५ ते मध्यरात्री १२ हे जादा दराचे तास झाले. रात्रीची सवलत गेली, आणि आमच्या पाळीचे पहिले दोन तास तर थेट महाग तासांत गेले. रात्रीच्या आठ हीटचा (भट्टीभर धातू वितळवण्याच्या फेऱ्यांचा) हिशेब धरला तर महिन्याच्या २५ रात्रींत सुमारे १ लाख २४ हजार युनिटे होतात, म्हणजे केवळ गेलेल्या सवलतीपोटी महिन्याला १ लाख ८६ हजार रुपये.

या बदलामागचे कारण मला पटते. सौर वीज दुपारी मुबलक असते, म्हणून वापरही दुपारी यावा, हे योग्यच आहे. माझी अडचण अंमलबजावणीची आहे.

भट्टी दिवसा आणली की तिच्याबरोबर सॅन्ड प्लांट, कॉम्प्रेसर आणि मशीन शॉप एकाच वेळी चालतात. ऑगस्टमध्ये आम्ही चार दिवस तसे करून पाहिले, तेव्हा मीटरवर १०६० केव्हीएपर्यंत मागणी गेली. कॉन्ट्रॅक्ट डिमांडवरच्या मागणीला दीडपट दराने आकार लागतो, आणि शिवाय एका महिन्यात नोंदलेली उच्च मागणी पुढचे अकरा महिने ७५ टक्क्यांच्या हिशेबाने बिलिंग डिमांडमध्ये पाठ धरते. डिमांड आकार दर केव्हीएला महिन्याला पाचशे रुपयांहून अधिक असल्याने, दिवसाची मागणी अडीचशे केव्हीएने वाढली तरी सव्वा लाख रुपये तिथेच जातात.

दुसरी अडचण साच्यांची आहे. दिवसा ओतायचे तर आदल्या संध्याकाळी भरलेले साचे रात्रभर तसेच राहतात. त्या चार दिवसांपैकी एका सकाळी पंपाच्या केसिंगची ६० कास्टिंग (ओतीव भाग) ओतली होती, त्यांपैकी १४ मशीनवर पहिला कट घेताच ब्लोहोलमुळे (वायूने धातूत पडलेल्या पोकळ्यांमुळे) बाद झाली. पावसाळी दमट हवेत कोअरनी (कास्टिंगची आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यांनी) रात्रभर ओल धरली, हे त्यामागचे कारण असावे असे मला वाटते. बाद झालेल्या प्रत्येक कास्टिंगबरोबर ते वितळवायला लागलेली वीजही वाया जाते, हे बिलात कुठेच दिसत नाही.

याच सुमारास एका सौर प्रकल्प विकसकाने समूह कॅप्टिव्ह योजनेचा, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठीच्या वीजप्रकल्पात मालकी घेण्याचा, प्रस्ताव ठेवला आहे. कॅप्टिव्ह ठरण्यासाठी वापरकर्त्यांकडे किमान २६ टक्के मालकी असावी आणि वर्षाच्या निर्मितीपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरावी, ही २००५ च्या नियमांतील अट मला माहीत आहे, आणि ती एखाद्या वर्षी चुकली तर त्या संपूर्ण वर्षाच्या विजेवर क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त दरांची भरपाई करणारा जादा आकार) लागू शकतो, हेही माहीत आहे. भट्टी रात्रीच राहिली तर दुपारची ही वीज आम्ही वापरणार कुठे, आणि संध्याकाळच्या महाग तासांत ती वळती करता येत नसेल तर या गुंतवणुकीला अर्थ काय, हा माझा प्रश्न आहे. छतावर पॅनल बसवण्याचाही विचार केला, परंतु आमच्या शेडच्या पत्र्यावरून बोट फिरवले तर काळी पूड हाताला लागते, त्यामुळे निर्मिती किती टिकेल याची खात्री वाटत नाही.

भट्टीची वेळ, कॉन्ट्रॅक्ट डिमांड आणि सौर गुंतवणूक या तिन्हींपैकी आधी काय ठरवावे? ज्यांनी रात्रीचे मेल्टिंग दिवसा आणले आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर सांगावा.

प्रतिसाद

आपण मांडलेला हिशेब नेमका आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आधी भट्टीची वेळ ठरवा, कारण उरलेले दोन्ही निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. चार दिवसांच्या प्रयोगावरून कॉन्ट्रॅक्ट डिमांड वाढवून घेऊ नका. प्रथम मीटरचा लोड सर्व्हे (वेळेनुसार नोंदलेली मागणी) मागवून घ्या आणि १०६० केव्हीए नेमक्या कोणत्या मिनिटांना झाले ते पाहा. आमच्याकडे तो शिखर बिंदू भट्टी पूर्ण ताकदीवर असताना सॅन्ड मिल आणि दोन्ही कॉम्प्रेसर एकत्र सुरू झाल्यामुळे येत होता. आम्ही डिमांड कंट्रोलर (मागणी मर्यादेजवळ येताच ठरलेला भार थांबवणारे उपकरण) बसवून सॅन्ड मिल भट्टीशी इंटरलॉक केली, त्यामुळे मागणी मर्यादेत राहिली. भट्टीची ताकद कमी करण्याचा मोह मात्र टाळा, कारण हीट लांबली की उष्णतेचा ऱ्हास वाढतो आणि टनामागची युनिटे वर जातात.

सगळे मेल्टिंग एकदम दिवसा आणण्याचीही गरज नाही. मध्यरात्री १२ ते सकाळी ९ या वेळेत सवलत नाही, परंतु जादा आकारही नाही. आम्ही पहाटे ५ ला भट्टी सुरू करतो आणि दुपारी १ ला थांबवतो, त्यामुळे निम्म्या हीट सवलतीच्या तासांत येतात आणि मशीन शॉपचा मोठा भार दुपारनंतर घेता येतो. कोअर मात्र संध्याकाळी साच्यात बसवत नाही. ते गरम खोलीत ठेवून पहाटे बसवतो आणि मगच साचा बंद करतो. यासाठी दोन माणसे लवकर बोलवावी लागतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. पहाटे ५ ची वेळ आमच्या डोक्यात आली नव्हती. कोअर बसवणाऱ्या दोघांशी मी आजच बोललो, त्यांची तयारी आहे, फक्त त्या वेळेला गावाकडून येणारी गाडी नसते, तेव्हा ती सोय कारखान्याला करावी लागेल. लोड सर्व्हेसाठी अर्ज देत आहे. विकसकाला दोन महिने थांबण्यास सांगितले आहे. तोपर्यंत दिवसाचा खरा खप हातात येईल आणि ५१ टक्क्यांचा हिशेब त्यावरूनच मांडता येईल. आपल्या डिमांड कंट्रोलरने सॅन्ड मिल किती वेळ बंद राहते आणि त्यामुळे मोल्डिंग कधी अडते का, एवढे कृपया सांगावे.