रिॲक्टरचा सेटपॉइंट बाहेरून बदलला गेला: आधी पॅच की आधी वाट बंद?

रबाळे_इन्स्ट्रुमेंट

नमस्कार. टीटीसी एमआयडीसीत, रबाळ्याला एका केमिकल कंपनीत मी अकरा वर्षं इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे. राहायला कळव्याला. थोडं सविस्तर लिहिते, कारण मला खरंच मदत हवी आहे.

गेल्या महिन्यात रविवारी नाइट शिफ्टला बॅच चालू होती. पहाटे पावणेतीनला ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, दोन नंबर रिॲक्टरच्या जॅकेटचा सेटपॉइंट 85 होता, आता 92 दिसतोय. मी हात लावलेला नाही." (जॅकेट म्हणजे रिॲक्टर गरम करणारं बाहेरचं आवरण, सेटपॉइंट म्हणजे ठरवून दिलेलं तापमान.) हे गृहस्थ एकोणीस वर्षं त्याच पॅनेलसमोर बसतात. स्क्रीनवर ट्रेंड दिसत असला तरी दर तासाला लॉगशीटवर पेनने आकडा लिहितात. दोनच्या रकान्यात 85 होतं. मला फोन करण्याआधीच त्यांनी स्टीमचा व्हॉल्व्ह मॅन्युअलला घेऊन बंद केला होता, म्हणून बॅच वाचली.

सकाळी उलगडा झाला. स्किड (एका चौकटीवर तयार जोडून येणारी यंत्रणा) पुरवणाऱ्या पार्टीच्या माणसाने पॅनेलमधल्या 4जी राउटरवरून लॉगिन केलं होतं. त्याला दुसऱ्याच गिऱ्हाईकाच्या प्लांटचं सेटिंग बदलायचं होतं, उघडलं आमचं. त्याने माफी मागितली आणि सगळ्यांच्या दृष्टीने विषय मिटला. मला मात्र झोप लागेना. तो राउटर 2019 च्या कमिशनिंगपासून केबल डक्टच्या मागे, डिन रेलवर, चोवीस तास चालू होता आणि मी ते पॅनेल आठवड्यातून दोनदा उघडते.

मग वर्कशॉपमध्ये स्पेअर पीएलसीवर (प्लांटची यंत्रं चालवणारा छोटा संगणक) आमचाच प्रोग्रॅम चढवला, लॅपटॉप जोडला आणि मॉडबसचं (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा) एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं. पोर्ट 502, रजिस्टर (पीएलसीच्या मेमरीतली जागा) 40012. तिथे 850 होतं, म्हणजे 85.0 अंश. मी 1150 टाइप करून एंटर दाबलं. एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) लगेच 115.0. पासवर्ड नाही, "तू कोण" नाही, काही नाही. एचएमआयवर सेटपॉइंटला 95 ची मर्यादा आहे, पण ती फक्त स्क्रीनवर टाइप करणाऱ्याला अडवते. थेट रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्याला ती लागूच नाही.

त्यात पीएलसी बनवणाऱ्या कंपनीचं पत्रक आलंय की आमच्या फर्मवेअरमध्ये (पीएलसीच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) गंभीर त्रुटी आहे, नवीन आवृत्ती चढवा. स्काडाचा (सगळ्या प्लांटवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेचा) पीसी अजून विंडोज 7 वर आहे आणि त्याचा सपोर्ट जानेवारी 2020 मध्येच संपला. वरिष्ठ म्हणतात, चालू आहे ना, मग हात लावू नका. पुढचा शटडाउन मे महिन्यात. तोपर्यंत मी काय करू? आणि पॅच, म्हणजे ही दुरुस्त आवृत्ती, चढवला तर हा प्रश्न सुटतो का?

ऐरोलीकर

मॅडम, आयटीच्या माणसाचं मत. नेसससारख्या स्कॅनरने (नेटवर्कवरच्या त्रुटी शोधणारं सॉफ्टवेअर) पूर्ण नेटवर्क एकदा तपासून घ्या, यादी निघेल, मग एकेक पॅच करा. विंडोज 7 तर उद्याच काढा.

आणखी एक. सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 28 एप्रिल 2022 चा आदेश आहे. घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची आणि लॉग 180 दिवस जपायचे. कळवायच्या घटनांच्या यादीत स्काडा आणि ओटी (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या) यंत्रणांवरचे हल्ले स्पष्ट लिहिलेले आहेत. उद्या खरंच कोणी अनोळखी आत शिरलेला दिसला, तर वरिष्ठांच्या मंजुरीची वाट बघण्यात हे सहा तास जाऊ देऊ नका.

पॅनेलवाले_काका

ताई, आधी एक काम: चालू प्लांटवर स्कॅनर लावू देऊ नकोस. ऐरोलीकर साहेबांचा हेतू चांगला आहे, पण जुन्या पीएलसीचं कम्युनिकेशन कार्ड स्कॅनरच्या भडिमाराने हँग होतं, हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. एकदा तर पंप चालू राहिला आणि स्क्रीनवरचे आकडे गोठले. यादी करायची तर टॉर्च घे, पॅनेल उघड आणि वहीत लिही. कुठली केबल कुठून कुठे जाते, हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा तुझ्या हाताला जास्त कळेल.

मी वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं कंट्रोल पॅनेल बनवतोय. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पॅचने तो सुटणार नाही. तू वर्कशॉपमध्ये जे केलंस, त्यात सॉफ्टवेअरची चूक कुठेच नाही. मॉडबस 1979 चा. तेव्हा दोन यंत्रांमध्ये एक सिरियल केबल असायची आणि केबलच्या टोकाला जो असेल तो आपलाच, हे गृहीत होतं. पुढे तीच भाषा इथरनेटवर आली, पण तेव्हाही ओळख विचारायची पद्धत तिच्यात घातली नाही. फर्मवेअर नवं केलंस तरी 40012 मध्ये लिहिणाऱ्याला पीएलसी "हो" च म्हणेल.

फर्मवेअर चढवायचंच आहे, पण मे महिन्यात, बॅकअप घेऊन, आधी स्पेअरवर करून बघून. यात नुसती फाइल चढवून भागत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सीमेन्सच्या एस7-1200 आणि 1500 चं प्रकरण बाहेर आलं. अख्ख्या कुटुंबाला एकच गुप्त किल्ली होती आणि संशोधकांनी ती कंट्रोलरमधून काढून दाखवली. उपाय आला, पण त्यासाठी नवं फर्मवेअर, इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणि कंट्रोलरचं कॉन्फिगरेशन पुन्हा करणं, हे सगळं आलं. चालू बॅचमध्ये हे होत नाही. त्यामुळे तुझे वरिष्ठ अगदीच चुकीचं बोलत नाहीत.

वाट बंद करणं मात्र उद्या होईल. राउटरचा 24 व्होल्ट सप्लाय काढ आणि पॅनेलच्या दारावर की-सिलेक्टर स्विच लावून त्यातून दे. शेजारी पिवळा दिवा. किल्ली शिफ्ट इनचार्जकडे. पार्टीने फोन करायचा, कारण सांगायचं, वहीत नोंद, किल्ली फिरवायची, काम झालं की बंद. स्विच, दिवा, वायर धरून हजार रुपयांच्या आत बसेल. मी सतरा पॅनेलना असं करून दिलंय.

मग पीएलसीच्या दारावरची किल्ली बघ. 2017 मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये ट्रायटन नावाचा मालवेअर सापडला. त्याचं लक्ष्य होतं ट्रायकोनेक्स, म्हणजे सेफ्टी कंट्रोलर, बाकी सगळं फसलं की प्लांट बंद करणारा शेवटचा पहारेकरी. त्याची किल्ली 'रन' ऐवजी 'प्रोग्रॅम' वर राहिली होती, म्हणून लांबून कोड घालता आला. ऑगस्टमध्ये प्लांट ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, तेव्हा हे उघडकीला आलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या रिॲक्टरला पीएलसीशी संबंध नसलेला, थेट रिलेवर (विजेवर चालणारा साधा स्विच) वायर केलेला हाय-टेम्परेचर स्विच आहे का? असेल तर तो शेवटचा कधी तपासला?

उरण_ट्रेलर

मी यातला तंत्रज्ञ नाही, पण एक गोष्ट सांगतो. 27 जून 2017 ला नॉटपेट्या हा मालवेअर आला तेव्हा मी न्हावा-शेव्याला ट्रेलरचं काम बघायचो. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरातली यंत्रणा कोलमडली आणि जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम थांबलं. क्रेन धडधाकट, माणसं हजर, पण कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारा संगणकच बंद. ट्रेलरच्या रांगेत पावसात आमचे ड्रायव्हर अडकले. मी त्यांना जेवणाचे डबे पोचवत होतो.

नंतर समजलं की विंडोजचा पॅच मार्चमध्येच आला होता. पण पॅच केलेले संगणकसुद्धा पडले, कारण तो किडा एका संगणकातले पासवर्ड चोरून शेजारच्यात शिरायचा. काका म्हणतात ते म्हणून पटलं. वाटा कमी असत्या तर एवढं पसरलं नसतं.

ऐरोलीकर

काका, स्कॅनरबद्दल मान्य. आमच्याकडे सर्व्हर हँग झाला तर रीस्टार्ट करतो. तिथे आत उकळतं रसायन आहे, हे डोक्यात आलं नाही. मॅडम, विंडोज 7 लगेच हलत नसेल तर निदान तो पीसी ऑफिसच्या लॅनपासून तोडा आणि मध्ये फायरवॉल टाकून 502 फक्त त्या एकाच पीसीला उघडा. नियम लिहायला मी मदत करतो.

रबाळे_इन्स्ट्रुमेंट

तीन आठवडे झाले, लिहायला उशीर झाला.

की-स्विच बसला. वरिष्ठांना वर्कशॉपमध्ये बोलावलं आणि त्यांच्याच हाताने 1150 टाइप करायला लावलं. स्क्रीनवर 115.0 दिसल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग सही केली. फायरवॉलही ऐरोलीकर दादांच्या मदतीने बसली. नव्या पीसीचं कोटेशन मागवलंय, फर्मवेअर मे महिन्यात.

पण काका, मला सांगायचंय ते तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. स्विच आहे, 105 ला स्टीम तोडणारा, थेट रिलेवर. रिॲक्टर रिकामा असताना काढून ड्राय ब्लॉकमध्ये (हवं ते तापमान देणारं तपासणीचं उपकरण) घातला. 105, 110, 115. स्विचचा संपर्क बरोबर उघडत होता, पण रिले पडेना, म्हणजे ट्रिप होईना. जंक्शन बॉक्स उघडला तर टर्मिनल 14 आणि 15 च्या मध्ये लाल वायरचा तुकडा. कोणीतरी कधीतरी ट्रिप येऊ नये म्हणून लूप मारला, म्हणजे स्विचला वळसा घातला, आणि काढायचा राहिला. वायरवर इतकी धूळ होती की रंग पुसून बघावा लागला. त्या रात्री आकडा 92 ऐवजी 115 झाला असता आणि ऑपरेटर चहाला गेले असते, तर मध्ये काहीच नव्हतं.

लूप काढला, पुन्हा तपासलं, 105 ला रिले पडला. बाकीच्या चार रिॲक्टरचे बॉक्स या रविवारी उघडतेय. हे स्विच किती महिन्यांनी तपासायचे?

पॅनेलवाले_काका

सहा महिन्यांनी. आणि रविवारी एकटी जाऊ नकोस, त्या ऑपरेटरना सोबत ने. लूप कोणी मारला असेल ते त्यांना आठवेल, आणि तसाच दुसरा कुठे असेल तेही.