जागल्या, अपचारी, अपिलार्थी: माणूस एकच?

शब्दखोड
एका कर्मचारी संघटनेची छोटी पुस्तिका मुद्रितशोधनाला आली आहे. त्यातल्या एका प्रकरणाचं नाव ‘शासकीय जागल्यांचा अपिलाचा हक्क’. मी दोन ठिकाणी अडलेय. पहिलं म्हणजे ‘जागल्या’. स्वतःच्याच कचेरीतला घोटाळा उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला हा शब्द वर्तमानपत्रांनी रूढ केलाय, हे माहीत आहे. पण आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “म्हणजे वॉचमन ना?” दुसरं, आतल्या मजकुरात अपील, दाद, फेरविचार, पुनरीक्षण, पुनर्विलोकन हे सगळे शब्द आलटून पालटून आलेत. लेखक म्हणतात, तोच तो शब्द वाचायला कंटाळवाणा होतो. मला वाटतं इथे कंटाळा परवडला. शिवाय ते ‘अपील केली’ लिहितात, मी ‘केलं’ करत सुटलेय.

वऱ्हाडी ठेचा
तुमच्या आईंचं बरोबरच आहे. आमच्याकडे जागल म्हणजे वावरातली रात्रीची राखण. ‘बाबा जागलीले गेले’ म्हटलं की समजायचं, हरभरा घाट्यावर आलाय आणि रानडुकरं, रोही सुटलेत. पूर्वी गावकामगारांतला जागल्या गावाची राखण करायचा. आता फरक बघा. जागल्याला गावानेच नेमलेलं असतं. तो ओरडला तर गाव काठ्या घेऊन धावतं. ऑफिसातला जागल्या ओरडला की काठ्या त्याच्याच पाठीत.

तिसरी पाळी
तरी दुसरा शब्द सुचवून पाहा. ‘खबऱ्या’ पोलिसांचा, तो पैशासाठी सांगतो. ‘चहाडखोर’, ‘चुगलखोर’ तर शिव्याच. ‘घरभेदी’, ‘फितूर’ हे साहेब मनातल्या मनात म्हणतातच, ते आपण छापायला नको. ‘माफीचा साक्षीदार’ स्वतः गुन्ह्यात असतो. इंग्रजी ‘व्हिसलब्लोअर’साठी ‘शिट्टी फुंकणारा’ असं एका अनुवादात वाचलं होतं. आपल्याकडे शिट्टी कोण कुणाला वाजवतं हे काय सांगायचं! राखणदाराचा शब्द या कामाला लावताना ज्याने कुणी डोकं चालवलं, त्याला माझा नमस्कार. खाल्ल्या मिठाला जागतो तो जागल्या, असा एक वास त्याला आपोआप लागतो. फक्त मीठ साहेबाचं नाही, सरकारचं.

पण शब्द फार ताणू नये. जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ तेलभेसळ करणाऱ्यांनी जाळून मारलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना काही लेखांत जागल्या म्हटलेलं मी वाचलंय. ते कर्तव्यावर होते, कारवाईचा अधिकार त्यांच्याच हातात होता. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी, ज्यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, ते सरकारी नोकर नव्हते, माहिती अधिकारातले कार्यकर्ते. नेमक्या अर्थाने जागल्या म्हणजे सत्येंद्र दुबे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव फुटलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत गोळी घातली.

काळा कोट
अपिलाकडे येतो. मराठीत अपील नपुंसकलिंगीच. ‘अपील केली’ हे हिंदीतून आलंय, खुशाल खोडा. आणि मूळ शब्दात ‘पी’ दीर्घ असला तरी सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: अपिलात, अपिलाचा, अपिलार्थी, अपिलीय.

पण लिंगापेक्षा मोठी अडचण अर्थाची आहे. तुमच्या लेखकाने जे शब्द कंटाळा नको म्हणून फिरवलेत, ती वेगवेगळी दारं आहेत. चुकीच्या दारात उभं राहिलं की आत कुणी घेत नाही आणि मुदत बाहेर निघून जाते.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला ‘अपील’ मिळतं ते महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली. शिक्षेच्या आदेशाविरुद्ध, वरच्या अधिकाऱ्याकडे, आदेशाची प्रत हातात पडल्यापासून ४५ दिवसांत. निलंबन ही शिक्षा नाही, पण त्याविरुद्धही अपील चालतं. ‘पुनरीक्षण’ म्हणजे वरच्याने खालच्याचा निर्णय मागवून तपासणं. ‘पुनर्विलोकन’ म्हणजे दिलेला निर्णय पुन्हा पाहणं, तेही नवा पुरावा वगैरे पुढे आला तर. ‘फेरविचार’ हा बोलण्यातला शब्द, तो नियमाच्या नावाने छापू नका.

अपिलाने भागलं नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे आपलं मॅट. लोक सर्रास ‘मॅटमध्ये अपील केलं’ म्हणतात. मॅटमध्ये अपील नसतं, ‘मूळ अर्ज’ असतो. १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा म्हणतो, आधी खात्यातले उपाय संपवा मग या. अपील करून सहा महिने झाले आणि कुणी हललंच नाही, तरी उपाय संपला असं धरतात. त्यानंतर एक वर्षाची मुदत. मॅटचा निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात जायचं, तेही अपील नव्हे, ‘रिट याचिका’. ही वाट सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासूनची आहे.

पुस्तिका जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठीही असेल तर एक तळटीप टाकाच. त्यांचे शिस्त व अपील नियम वेगळे, १९६४ चे, आणि मॅट त्यांच्यासाठी नाहीच. ते सरळ उच्च न्यायालयात जातात. या एका गफलतीत वर्ष घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

शब्दखोड
मग ‘दाद’ कुठे बसवू? सगळ्या दारांना मिळून एक शब्द हवाच आहे.

काळा कोट
तिथेच बसवा. दाद फारसी, अर्थ न्याय. कोणत्याही दारात मागता येते. मात्र ‘दाद मागितली’ एवढंच लिहून मुदत सांगू नका. मुदत दाराला असते.

निवृत्त अव्वल कारकून
बत्तीस वर्षं आस्थापना शाखेत काढली, म्हणून थोडं लांबवतो.

शब्दखोडताई, तुमच्या प्रकरणाच्या नावात खरी चूक व्याकरणाची नाही. जागल्याला जागल्या म्हणून अपील नाहीच. फाइलीत तो शब्द मी एकदाही लिहिला नाही, कुणी लिहिलेला पाहिला नाही. माणूस घोटाळ्याची तक्रार करतो तेव्हा तो ‘तक्रारदार’. चार महिन्यांनी त्याच्या दप्तरात काहीतरी सापडतं. कुणाच्या दप्तरात सापडत नाही? मग कारणे दाखवा नोटीस, दोषारोपपत्र, विभागीय चौकशी. त्या दिवसापासून कागदावर तो ‘अपचारी’. शिक्षा झाली आणि वर गेला की ‘अपिलार्थी’. मॅटमध्ये ‘अर्जदार’, उच्च न्यायालयात ‘याचिकाकर्ता’. माणूस तोच, टेबल बदललं की नाव बदलतं. आणि जे अपील तो करतो ते अपचाऱ्याचं अपील. त्यात ‘मी घोटाळा उघड केला म्हणून हे झालं’ हा बचावाचा एक मुद्दा, तोही सिद्ध त्यानेच करायचा.

दुसरं, ‘ठपका’. घरात ठपका म्हणजे बोल लावणं. नियमात ‘ठपका ठेवणे’ ही किरकोळ शिक्षांतली पहिली शिक्षा, तिच्याविरुद्ध अपील आहे. ‘ताकीद’ आणि ‘सक्त ताकीद’ शिक्षांच्या यादीत नाहीत. पुष्कळ जण ताकीद मिळाली की अपील लिहायला घेतात आणि ठपका आला की ‘नुसतं बोललेत’ म्हणून गप्प बसतात. नेमकं उलटं.

तिसरं, बदली. जागल्याला गप्प करायचं हत्यार निलंबन नव्हे, बदली. निलंबन केलं तर निर्वाह भत्ता द्यावा लागतो, पेपरात येतं. बदलीत काहीच दिसत नाही. बदली ही शिक्षा नाही, म्हणून शिस्त व अपील नियमांत तिला अपील नाही. तिथे २००५ चा बदल्यांचा कायदा दाखवायचा. मुदतपूर्व बदली असेल तर विशेष कारण लेखी नोंदवलंय का, वरिष्ठांची मान्यता आहे का, हे विचारत मॅटमध्ये मूळ अर्ज करायचा. पुस्तिकेत ‘आकसाच्या बदलीविरुद्ध अपील’ असं कुठे असेल तर तेवढं आधी काढा.

तिसरी पाळी
काका, पण जागल्यांसाठी म्हणून केंद्राचा २०१४ चा कायदा आहे ना?

निवृत्त अव्वल कारकून
आहे. राष्ट्रपतींची सही मे २०१४ ची. लागू केल्याची अधिसूचना मात्र निघाली नाही. बारसं झालं, मूल अजून घरी आणलेलं नाही.

काळा कोट
त्या कायद्याची गंमत तर शब्दचर्चेसाठीच आहे. नावात जागल्या, आतल्या व्याख्यांत जागल्याचा पत्ता नाही, तिथे ‘तक्रारदार’. छळ झाला तर या तक्रारदाराने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. हा अर्ज, अपील नव्हे. इथे एक चांगलं आहे: हा छळ नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कार्यालयावर. कारकूनसाहेब म्हणतात तसं उलट ओझं नाही. त्याला पूर्वपदावर आणण्याचा आदेशही देता येतो. आणि ‘अपील’ शब्द येतो तो पुढे, दंडाच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत उच्च न्यायालयात. दंड कुणाला? माहिती दडवणाऱ्या, चुकीची माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याला. म्हणजे जागल्यांच्या कायद्यातलं अपील जागल्यासाठी नाहीच!

चालू आहे तो दुबेंच्या खुनानंतर निघालेला २००४ चा केंद्राचा ठराव. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात, लिफाफ्यावर स्वतःचं नाव न घालता. आत मात्र नाव लागतंच, निनावी तक्रार घेत नाहीत. ‘निनावी’ आणि ‘गुप्त’ यांतला फरक पुस्तिकेत ठळक करा, लोक हमखास गोंधळतात. पण हा ठराव केंद्राच्या कर्मचाऱ्यांबद्दल आणि उपक्रमांबद्दल. तलाठ्याची तक्रार तिथे पाठवून उपयोग नाही, त्यासाठी लोकआयुक्त किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग.

वऱ्हाडी ठेचा
‘तक्रार’चं एक सांगू का? मूळ अरबी, अर्थ पुन्हा पुन्हा करणं. तेच ते परत सांगणं. सरकारी कचेरीत जाऊन आलेल्याला हा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

शब्दखोड
प्रकरणाचं नाव बदललं: ‘तक्रार केल्यावर कारवाई झाली तर: अपील कुठे, अर्ज कुठे, याचिका कुठे’. लांबलचक झालंय, लेखक कुरकुरले, पण मानले. ‘जागल्या’ प्रस्तावनेत ठेवलाय, तिथे तो कुणाची मुदत बुडवणार नाही. ‘अपचारी’लाही कंस करून अर्थ दिलाय. संघटनेचे चिटणीस म्हणाले, हा शब्द आम्हाला अर्थासकट पाठ आहे.

आता शेवटचं. पुस्तिकेतलं एक उदाहरण लेखापाल बाईंचं आहे. जागल्याचं स्त्रीलिंग काय करू? जागली?

वऱ्हाडी ठेचा
जागली म्हणजे राखणच हो. ‘लेखापाल जागली’ लिहाल तर आमच्याकडे वाचतील, बाई रात्रभर वावरात होत्या.

निवृत्त अव्वल कारकून
अर्जदार लिहा. फाइलीत बाई-पुरुष दोघंही अर्जदारच.