भावाची काळजी घेता घेता मलाच नैराश्य आले आहे का? मदत हवी आहे

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्या धाकट्या भावाला 12 वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या गोळ्या, जेवण आणि रात्रीची जाग हे सारे पूर्वी आई पाहत असे. ती गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षे, ते माझ्याकडे आहे.

भावाच्या उपचारांविषयी माझी तक्रार नाही. क्लोझापाइन हे औषध सुरू झाल्यापासून त्याला ऐकू येणारे आवाज पुष्कळ कमी झाले आहेत, त्या औषधासाठी लागणारी पांढऱ्या पेशींची रक्ततपासणी वेळेवर होते आणि ठरलेल्या तारखेला मी त्याला धारवाडला नेते. प्रश्न माझा आहे. गेले चार महिने मला पहाटे तीनलाच जाग येते, वह्या तपासताना तेच पान पुन्हा पुन्हा वाचले जाते आणि इतक्या वर्षांचे भजनी मंडळ सुटले तरी त्याचे काहीच वाटले नाही. हा थकवाच असावा असे मी समजत होते. पण दिवाळीच्या सुट्टीत बहिणीने आठ दिवस घर सांभाळले, मी नुसती पडून होते, तरी सकाळचे ओझे तसूभरही हलले नाही. (नातेवाइकांचे म्हणणे, दोघांनी एकदा सौंदत्तीला जाऊन या. यल्लम्मावर माझी श्रद्धा आहे, पण मला डॉक्टरही हवा आहे.)

पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी भरून पाहिली, तर 27 पैकी 16 गुण आले. जगणे नकोसे वाटते का, या अर्थाच्या शेवटच्या प्रश्नापुढे मी शून्य लिहिले; मात्र लिहिण्यापूर्वी थोडा वेळ थांबले, हेही प्रामाणिकपणे सांगते.

भावाच्या डॉक्टरांशी बोलावे, तर तो शेजारीच बसलेला असतो आणि आपल्यामुळे अक्काला हे झाले, असे त्याला वाटू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते म्हणून एकदा फोन केला, परंतु भाऊ लगेच दाराशी येऊन "माझ्याबद्दलच सांगतेस ना?" असे विचारू लागला, तेव्हा शाळेतल्या बाईंचा फोन आहे असे खोटे सांगून मी तो ठेवला. संशय हाच ज्याचा आजार, त्याच्या घरात लपून कसे बोलावे?

ज्यांनी अशी काळजी घेत असताना स्वतःवर उपचार घेतले, त्यांना विचारायचे आहे की नैराश्याच्या गोळ्यांनी रात्रीची झोप फार गाढ होते का. भाऊ दोनदा मध्यरात्री कडी काढून लोंढ्याच्या रस्त्याने चालत निघाला होता. कडीचा आवाज मला ऐकू येणे भागच आहे. झोप न आणणारे औषध मागितले तर डॉक्टर देतात का?

शिवाय बेळगाव शहरात मराठीतून ऐकून घेणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक कोणाला ठाऊक असल्यास कळवावे. कन्नड मला येते, कार्यालयीन कामही मी त्याच भाषेत करते, पण हे मला कन्नडमध्ये सांगता येणार नाही. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारच्या बसने बेळगावला येऊन संध्याकाळच्या गोळीपूर्वी मला घरी परतावे लागेल.