नंबर मायनस साडेचार आणि सर्फिंग: पाण्यात लेन्स घालायची का नाही?

सिंदफणाकाठ (बीड)
मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं गाडी घेऊन गोकर्णला गेलो होतो. आपल्या बीडवरून ५२ नंबरचा हायवे जातो ना, तोच धरून सोलापूर, विजयपूर, हुबळी करत गेलं की सरळ अंकोल्याला समुद्रापाशी निघतो, तिथून गोकर्ण जवळच. तिथं तीन दिवस सर्फिंग शिकलो. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेचार. जाताना लेन्सचं नवं पाकीट घेतलं होतं पण घातल्याच नाहीत, बिनचष्म्याचा उतरलो, आणि तेव्हापासून मित्रांत वाद सुरू आहे म्हणून इथं मांडायलो.

माझं म्हणणं एवढंच की लेन्स घालून पाण्यात उतरूच नये. विहिरीत नाही, टँकमधी नाही, समुद्रातही नाही. मायनस साडेचार म्हणजे एक वीतभर अंतरापर्यंत स्पष्ट, पुढं सगळं धूसर. बोर्डवर पालथं पडलं की नाकापाशी चिकटलेला वाळूचा कण न कण दिसायचा आणि बोर्डाचं टोक नुसता पिवळा पट्टा. पण नवख्या माणसाला लागतं किती? कमरेएवढं पाणी, फेसाची लाट मागून येती, शिकवणारा बोर्ड ढकलतो अन् ओरडतो, आपण आवाजावर उठायचं. तिसऱ्या दिवशी मी काठापर्यंत उभा आलो, समोरची नारळाची झाडं हिरव्या धुरासारखी दिसत होती, तरी तो आनंद काय कमी झाला नाही. आणि पाण्याखाली तर चांगल्या नजरेच्या माणसालाही धूसरच दिसतं, कारण बुबुळाची ताकद हवेत चालती, पाण्यात ती जवळपास सगळी जाती. नंबर आहे म्हणून काठावर बसून राहणारे लई बघितलेत मी, त्यांच्यासाठी लिहायलो.

लेन्सवाली_लातूर
दादा, तुमचा आनंद खरा आहे पण तुमचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. माझा नंबर साडेसहा आहे. मी मुल्कीला आणि चेन्नईजवळच्या कोवलमला मिळून चार वर्षं सर्फिंग करतेय, आणि शिकवणाऱ्याचा हात सुटला की डोळेच लागतात, दुसरं काही नाही. रिप करंट कसा ओळखणार तुम्ही? दोन्ही बाजूला लाटा फुटत असतात आणि मधी एक पट्टा शांत, जरा गडद दिसतो, नवख्याला वाटतं हीच बरी जागा, आणि तिथूनच पाणी आत ओढत नेतं. ते बघायला लांबची नजर पाहिजे. शिवाय समोरून कुणाचा तरी आठ-नऊ फुटी बोर्ड मोकळा सुटून येतो तेव्हा तो शेवटच्या क्षणी दिसून काय उपयोग?

मी डेली डिस्पोजेबल घालते, एक दिवसाची. लाट अंगावर आली की डोळे घट्ट मिटायचे, बाहेर आल्या आल्या साबणानं हात धुवून कोरडे करायचे, लेन्स काढून टाकून द्यायची, परत वापरायची नाही, आणि ती घालून झोपायचं तर अजिबात नाही. आजपर्यंत डोळा लालसुद्धा झाला नाही.

अंबाजोगाईकर
लेन्सवाली ताई, राग मानू नका पण "आजपर्यंत काही झालं नाही" हे मी पण म्हणायचो. उन्हाळ्यात मामाच्या मळ्यात विहिरीत पवायला जायचो, महिन्याच्या लेन्स घालून, वरून उडी मारायची, डोळे उघडे. एका मे महिन्यात डावा डोळा लाल झाला, वाटलं कचरा गेला असेल. दोन दिवसात अशी तिडीक सुटली की डोकं भिंतीला लावून बसायचो, खिडकीला चादर बांधली कारण उजेड सहन होईना. एका ठिकाणी नागीण म्हणून औषध चालू केलं, तीन आठवडे गेले त्यात. मग मोठ्या शहरात बुबुळ खरवडून तपासलं तेव्हा कळलं, अकांथअमिबा नावाचा डोळ्याला न दिसणारा जंतू आहे. पाण्यात, मातीत सगळीकडं असतो तो, लेन्स नसेल तर सहसा काही करत नाही, पण लेन्समुळं बुबुळावर बारीक ओरखडे असतात आणि लेन्सखाली तो अडकून बसतो. औषध लागलं की स्वतःभोवती टणक कवच करतो, म्हणून इतका चिवट.

पहिले काही दिवस तासातासाला थेंब, रात्री पण. आई उशाशी घड्याळ घेऊन बसायची, माझी मान धरून थेंब टाकायची अन् तिथंच भिंतीला टेकून पुढच्या तासाची वाट बघायची. आठ महिने औषध चाललं. डोळा वाचला पण फूल पडलंय, त्या डोळ्यानं आता गाडीचा नंबर वाचता येत नाही. एका दिवसाची लेन्स घाला नाही तर महिन्याची, पाणी लागलं की धोका आहेच. अमेरिकेचं एफडीए सुद्धा हेच सांगतं की लेन्सला कुठलंच पाणी लागू देऊ नका.

लेन्सवाली_लातूर
वाचून पोटात गोळा आला. तुमच्या आईंना नमस्कार सांगा. पण तुमची महिन्याची लेन्स होती, विहिरीचं साठलेलं पाणी होतं, डोळे उघडे होते. माझी पद्धत तीच आहे असं मला नाही वाटत. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही, न दिसण्याचा धोका त्याहून मोठा आहे असं म्हणतेय.

चष्मेवाला_नांदेड
मी चष्म्याच्या धंद्यात आहे, १९ वर्षं झाली, म्हणून दोन्हीकडचं थोडं बोलतो. विहिरीचं गोडं पाणी लागलं की सॉफ्ट लेन्स फुगते आणि बुबुळाला चिकटून बसते, ओढून काढली तर वरचा पापुद्रा सोलतो. समुद्राचं पाणी अश्रूंपेक्षा चौपट खारट, तिथं उलटं होतं, पण खारट आहे म्हणून जंतू नाहीत असं समजू नका, हा अमिबा समुद्रात पण सापडतो. आणि खरी गडबड बाहेर आल्यावर होते: लोक वाळू गेली म्हणून नळाच्या पाण्यानं लेन्स धुतात, डबी धुतात. आपल्याकडं तर नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, हौदात नाहीतर छतावरच्या टाकीत साठवलेलं वापरतो, तिथं याला वाढायला अजून फावतं. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो, समुद्र राहू द्या, आधी घरचा नळ लेन्सपासून लांब ठेवा.

पॉवरचे स्विमिंग गॉगल मिळतात, साधारण दीड नंबरपासून आठपर्यंत, अर्ध्या अर्ध्या नंबरच्या फरकानं. त्यात सिलेंडर, म्हणजे चष्म्याच्या चिठ्ठीवरचा तिरप्या नजरेचा वेगळा नंबर, नसतो, म्हणून सिलेंडरचा निम्मा नंबर मुख्य नंबरात मिळवायचा: मायनस चार आणि सिलेंडर मायनस एक असेल तर साडेचारचा गॉगल. विहिरीला, टँकला हे गॉगल झकास. सर्फिंगला मात्र जरा विचार करून. लाटेच्या मारानं निघतो, आणि बोर्ड तोंडावर आला तर त्याची कड डोळ्याभोवती लागते. पट्टेवाले, पॉलीकार्बोनेटचे सर्फिंगचे वेगळे गॉगल असतात ते बरे. काचेचा चष्मा दोरी बांधून पाण्यात, असलं कुणी करू नका, काच फुटली तर डोळाच जाईल.

परभणी_४३१४०१
एवढं सगळं करण्यापेक्षा लेसर करून मोकळं व्हा की. मी करून घेतलं, नंबर गेला, विषय संपला.

चष्मेवाला_नांदेड
भाऊ, सगळ्यांना नाही जमत ते. वय अठराच्या वर लागतं, वर्षभर नंबर स्थिर लागतो, बुबुळाची जाडी पुरावी लागते. लॅसिकमधी बुबुळावर झाकणासारखा पापुद्रा उचलून परत बसवतात, नंतर निदान दोन-चार आठवडे पाण्यात जायचं नाही, आणि पुढंही जोराचा मार लागला तर तो पापुद्रा हलू शकतो. बोर्ड तोंडावर येणाऱ्या खेळात हे डॉक्टरला आधी सांगा, पापुद्रा न करता होणारी पीआरके पण असती. रात्री घालून झोपायच्या कडक लेन्स असतात, ऑर्थोके म्हणतात, दिवसा काहीच घालावं लागत नाही, पण त्यांची स्वच्छता फार काटेकोर पाळावी लागती आणि त्या आपल्या भागात सहजी मिळत नाहीत.

नाथसागर_पैठण
तुम्ही सगळे नंबरावर भांडायलात, उन्हाचं कुणीच बोलंना. माझ्या वडलांच्या दोन्ही डोळ्यांत नाकाकडून मांस वाढत आलंय, बुबुळाच्या कडेपर्यंत. डॉक्टरांनी सांगितलं ऊन, वारा, धुरळा, वर्षानुवर्षं. मग म्हणाले याला इंग्रजीत सर्फर्स आय म्हणतात. मी तिथंच गप झालो. माझ्या बापानं उभ्या जन्मात समुद्र बघितला नाही, चाळीस वर्षं कापूस अन् तूर केली, दुपारच्या उन्हात डोळे बारीक करून. समुद्रावर तर ऊन वरून पण अन् पाण्यावरून उलटून पण येतं. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर उतरा, हनुवटीखाली बांधायची टोपी घाला, आणि घरी रानात जाणारं माणूस असेल तर त्याला एक चांगला गॉगल घेऊन द्या. मी दिला, पण उशिरा दिला.

सिंदफणाकाठ (बीड)
सगळं दोनदा वाचलं. लेन्सवाली ताई, रिपचं तुमचं बरोबर आहे, मी शिकवणाऱ्याच्या भरवशावर होतो हे मान्य, एकटा असतो तर माझं म्हणणं टिकत नव्हतं. "धूसर दिसलं तरी चालतं" हे मी फक्त कमरेएवढ्या पाण्यापुरतं, शिकवणारा सोबत असताना म्हणतो. पण लेन्स मी घालणार नाही, अंबाजोगाईच्या भावाचं वाचून तर नाहीच.

आता असं करणार: उतरायच्या आधी चष्मा घालून अर्धा तास काठावर बसायचं, पाणी कुठं शांत दिसतंय, पोरं कुठून आत जातात ते बघून घ्यायचं, शिकवणाऱ्याला विचारून खात्री करायची. काठावरची एखादी मोठी खूण धरायची, जी धूसर नजरेतही कळेल. मागच्या वेळी एक लाल छत्री होती, ती डावीकडं सरकली की समजायचं आपण वाहत चाललो. शिकवणाऱ्याला नंबर आधीच सांगायचा म्हणजे तो हातवारे करत बसत नाही, शिट्टी मारतो. आणि मायनस पाचचा गॉगल टँकमधी घालून बघतोय, चष्मेवाले भाऊंना मेसेज करतो, माझा सिलेंडर पाऊण आहे.

लेन्सवाली_लातूर
पावसाळ्यात जाऊ नका तेवढं, पश्चिम किनाऱ्याचा समुद्र तेव्हा खवळलेला असतो. ऑक्टोबरनंतर बरा. आणि पाण्यात असताना चष्मा कुठं ठेवता? माझी एक काच वाळूनं पार घासून गेली.

सिंदफणाकाठ (बीड)
स्टीलच्या चपट्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. आमच्यातला एक पाण्याला भितो, तो डबा मांडीवर घेऊन काठावर बसतो, आणि मी बाहेर आलो की आधी पुढं येऊन चष्मा हातात देतो.