विषय: पहिलीतल्या मुलांचं वाचन आणि गणित, घरच्या घरी

नमस्कार मंडळी,
मुलगी पहिलीत आहे. इंग्रजी वाचताना पहिलं अक्षर बघते, चित्राकडे नजर टाकते आणि शब्द ठोकून देते. ‘हॉर्स’ असेल तिथे ‘हाउस’. गणितात ‘पंचवीस’ म्हटलं की ५२ लिहिते. घरी सुरुवात कुठून करावी?

---

उत्तर: वाचन

ताई, चित्र हाताने झाकून वाचायला लावा. अंदाजाची सोय गेली की नजर अक्षरांवर येते.

आपल्या घरांत खरी अडचण उच्चाराची असते. बाराखडीच्या सवयीने आपण ‘बी’चा आवाज ‘ब’, ‘टी’चा ‘ट’ सांगतो. त्यात ‘अ’ मिसळलेला असतो, म्हणून ‘ब-अॅ-ट’ कितीही भरभर म्हटलं तरी ‘बॅट’ होत नाही. आवाज तोडूनच सांगा: ब्, ट्. सुरुवात स्, म्, फ्, न् यांनी करा, कारण ते लांबवता येतात. ‘स्स्स-अॅऽऽ-म्म्म’ मध्ये न थांबता म्हटलं की ‘सॅम’ आपोआप जुळतं. ब्, ट्, क् लांबत नाहीत. ते आधी शब्दाच्या शेवटी घ्या (‘मॅट’), मग सुरुवातीला.

कागदावर तीन चौकोन आखा. शब्द हळू म्हणत एकेका आवाजाला राजम्याचा एक दाणा आत सरकवायचा. ‘शिप’मध्ये अक्षरं चार, दाणे तीनच. चार सरकवले, तर ती आवाज ऐकत नाहीये, स्पेलिंग आठवतेय. नंतर दाण्यांच्या जागी अक्षरं लिहा. एस-एच एकाच चौकोनात. ‘सेड’ (said) सारखा शब्द अख्खा घोकून घेऊ नका. एस आणि डी सरळच आहेत, मधलं एआय तेवढं लक्षात ठेवायचं. रोज दहा मिनिटं पुरतात. लायब्ररीत ‘डीकोडेबल’ पुस्तकं मागा, म्हणजे शिकलेल्या आवाजांवरूनच वाचता येतील अशी.

---

उत्तर: गणित

ताई, ५२ लिहिण्यावरून रागावू नका. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, ती तसंच लिहिते. ‘फोर्टीन’चे ४१ यातूनच होतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ ही रीत दिली तेव्हा केवढा वाद झाला! माझ्या मते घरी दोन्ही रीती चालू ठेवाव्यात.

आइसक्रीमच्या काड्या आणि रबरबँड घ्या. दहाचा गठ्ठा तिनेच मोजून बांधायचा. आयता दिला तर तिच्या लेखी ती एकच वस्तू असते. ‘पंचवीस’ ऐकलं की डावीकडे २ गठ्ठे, उजवीकडे ५ सुट्या, ‘वीस आणि पाच’, मगच लिहायचं. एकोणतिसासाठी ३ गठ्ठे मांडून एक काडी काढायला सांगा. गठ्ठा सोडावाच लागतो, तेव्हा ‘एकोण’ हाताला कळतं.

३२ − ७ मध्ये मुलं उलट ७ − २ करून ३५ लिहितात. एक गठ्ठा सोडला की १२ सुट्या. ७ उचलल्या, ५ उरल्या, गठ्ठे २. बेरजेत आधी दहा पुरे करायचे: ८ + ५ मध्ये पाचाचे २ आणि ३ करा, आठात २ घालून १०, वर ३, झाले १३.

काड्यांवर जमतं पण वहीत चुकतं, असं झालं तर मधली पायरी राहिलीये. गठ्ठ्याला उभी रेघ, सुटीला ठिपका, अशी चित्रं काही दिवस काढू द्या.