मदत हवी आहे (तातडीने) : लग्न केलं तर नायिकेची जमीन जाईल का?

शब्दवेल्हाळ
नमस्कार मंडळी. मराठीत वेस्टर्न (जुन्या अमेरिकेच्या पश्चिम भागात घडणारी) प्रणयकादंबरी लिहितेय. क्रमशः येतेय, पुढचं प्रकरण शुक्रवारी द्यायचंय आणि तिथेच गाडी अडली आहे. नायिकेने स्वतःच्या नावावर सरकारी जमीन घेतलीय, नायकाची शेजारीच आहे. आता दोघांचं लग्न लावायचंय. लग्नानंतर तिची जमीन तिच्याकडे राहते की जाते, एवढंच हवंय. नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलंय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

वाचनघर
कुठलं राज्य? कुठलं साल? होमस्टेड कायद्याखाली घेतलेली जमीन का? नायिका कुमारिका, विधवा की नवऱ्याने टाकलेली? पाच वर्षं पुरी झालीत का? एवढं कळल्याशिवाय कोणी 'नक्की' सांगू शकणार नाही.

शब्दवेल्हाळ
होमस्टेडच, दुसरं काय असणार. नेब्रास्का. बाकीच्याने उत्तरात फरक पडतो का?

वाचनघर
उत्तरच बदलतं. लिंकनने २० मे १८६२ ला सही केलेला कायदा, १ जानेवारी १८६३ पासून लागू. वय २१ किंवा कुटुंबप्रमुख, १६० एकर, तिथे पाच वर्षं राहून जमीन कसायची, मग पट्टा, म्हणजे मालकीहक्काचा सरकारी कागद, मिळायचा. यात एकट्या बाईला हक्क होता. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, कोणीही अर्ज करू शकत होती. नवऱ्याजवळ नांदणारी बाई मात्र करू शकत नव्हती, कारण कुटुंबप्रमुख नवरा. म्हणून अर्ज, लग्न आणि पट्टा यांचा क्रम काय, यावर सगळं आहे.

जुना_सर्व्हेअर
आमची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. लग्न झालं म्हणून मुलीचा हिस्सा जात नाही, हे मनातून काढून टाका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार आहे. सातबाऱ्यावर नाव लावून घ्या. हक्कसोडपत्रावर सही करायला लावतात तिथे मुली फसतात.

रेवा_ब
काका, महाराष्ट्रात ते १९९४ पासूनच आहे, केंद्राच्या आधी.

जुना_सर्व्हेअर
१९९४ च्या दुरुस्तीतून तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. म्हणून २००५ महत्त्वाचं. हा फरक वकिलांनाही सांगावा लागतो.

शब्दवेल्हाळ
माझी नायिका नेब्रास्कात आहे हो! साल १८८५. कस्टर काउंटी. ती २४ वर्षांची, अविवाहित, शाळेत शिकवते. दावा दाखल करून दोन वर्षं झालीत, सॉड हाउसमध्ये (गवताळ मातीच्या ढेकळांच्या घरात) एकटी राहते. नायकाचाही होमस्टेडचाच दावा आहे, त्याला तीन वर्षं झालीत. आता सांगा.

निशाणबाज
१८८५ असेल तर नायकाकडे कोल्ट रिव्हॉल्व्हर आणि विंचेस्टर रायफल दोन्ही .४४-४० काडतुसाची द्या. विंचेस्टर १८७३ चं मॉडेल. कोल्टचं रिव्हॉल्व्हर १८७८ च्या सुमारास त्याच काडतुसात मिळू लागलं होतं. एकच काडतूस दोन्हीत चालतं, हा तपशील वाचकाला फार आवडतो. आणि कृपया त्याला घोडा दौडवत दोनशे यार्डांवरून रिव्हॉल्व्हरने नेम धरायला लावू नका.

मृद्गंध
शेतकऱ्याला रिव्हॉल्व्हर कशाला? घरात एक शॉटगन असायची, सशा-रानकोंबड्यांपुरती. कस्टर काउंटीतल्या सॉड हाउससमोर उभ्या कुटुंबांचे सॉलोमन बुचरने १८८६ पासून काढलेले फोटो बघा. दारापुढे कुटुंब, गुरं, घोडे, नांगर, कुठे तर बाहेर आणून ठेवलेला ऑर्गन. त्या माणसांचा अभिमान कशात होता ते त्या मांडणीवरून दिसतं. प्रणयकथा लिहिणाऱ्याला बंदुकीपेक्षा तो ऑर्गन जास्त उपयोगी पडेल.

निशाणबाज
गुराखी आणि शेतकरी यांचे झगडे त्याच काउंटीत झालेत. शस्त्र लागणारच.

ओमाहाकर
इथे नेब्रास्कातल्याच ओमाहा शहरात बरीच वर्षं आहे. राज्यातल्याच बीट्रिस गावी होमस्टेडचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, तिथे जाऊन या विषयात अडकलो तो अडकलोच. नीट सांगतो.

ताई, फक्त लग्न केलं म्हणून तुमच्या नायिकेचा दावा आपोआप बुडत नाही. ती जमिनीवर राहत राहिली तर दावा टिकवता येतो. जमीन-कार्यालयाची भूमिका मात्र सगळा काळ एकसारखी नव्हती, त्यामुळे तिला धाकधूक असणार आणि ती खरी वाटेल. मोठी अडचण दुसरीच आहे. नवरा-बायकोचं घर एकच धरलं जायचं. दोघांचे दोन अपुरे दावे आणि दोघं आपापल्या जमिनीवर 'राहतात', हे चालत नव्हतं. पुढे १९०० मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने), जमिनीवर राहू लागल्यावर पण अर्ज करण्याआधी लग्न केलेल्या बाईचा हक्क राखला. तेव्हाही अट घातली की लग्नाच्या वेळी नवऱ्याचा वेगळा होमस्टेड दावा नसावा. म्हणजे तुमच्या दोघांपैकी एकाचा दावा सुटणार. सहा महिने जमीन सोडली की कोणीही 'ही जमीन टाकून दिलेली आहे' अशी तक्रार करून ती मागू शकत होतं.

तुमचा खलनायक कोण आहे माहीत नाही, पण त्याला एवढं पुरे.

वाचनघर
सुटणार असं नाही. एकाने आधीच पैसे भरून जमीन मोकळी करायची. सहा महिने राहिल्यावर एकरी सव्वा डॉलर भरून पट्टा घेता येत होता. १६० एकरांचे २०० डॉलर. (१८९१ मध्ये ती मुदत १४ महिने झाली, पण तुमचं साल आधीचं आहे.) नायिका लग्नाआधी पैसे भरते, जमीन तिची पक्की, मग लग्न. प्रश्न मिटला.

ओमाहाकर
कागदावर मिटला. १८८५ मध्ये प्रेअरीवरच्या शिक्षिकेने २०० डॉलर कुठून आणायचे? सावकाराकडून जमीन गहाण टाकून. मग लग्न राहिलं बाजूला, हप्ते फेडत बसणार. शिवाय जमीन युनियन पॅसिफिक रेल्वेच्या जमीन-अनुदानाच्या हद्दीत असेल तर भाव दुप्पट, एकरी अडीच डॉलर.

वाचनघर
कादंबरीला हेच तर हवं असतं. पैसे कुठून येतात यावर दोन प्रकरणं उभी राहतात. नायक आपले बैल विकतो आणि तिला सांगत नाही.

ओमाहाकर
बैल विकले तर तो पुढच्या वर्षी नांगरणार कशाने? असला त्याग वाचायला बरा वाटतो, पण त्या माणसांनी बैल विकले नसते. माझा उपाय सांगतो, तो त्या काळच्या माणसाला सुचला असता. १८७३ चा टिंबर कल्चर कायदा. १६० एकर घ्यायचे आणि ठरावीक क्षेत्रावर झाडं लावून जगवायची. आधी ४० एकर लावायचे होते, १८७८ मध्ये ते १० झाले. आणि या दाव्यात जमिनीवर राहण्याची अट नाही. नायकाने आपला होमस्टेड सोडायचा आणि त्याच तुकड्यावर झाडांचा दावा टाकायचा. लग्न करून बायकोच्या घरी राहायला जायचं. दोन्ही जमिनी राहतात.

मृद्गंध
हा फारच सुंदर उपाय आहे. नायक नायिकेच्या घरी राहायला जातो, यातच केवढं काही आहे.

वाचनघर
एका सेक्शनमध्ये (मोजणीच्या एक चौरस मैलाच्या तुकड्यात) झाडांचा एकच दावा चालायचा. शेजारच्याने आधीच टाकला असेल तर? आणि जमीन सोडल्याचा कागद कार्यालयात पोचल्याक्षणी ती सगळ्यांना खुली. दुसरा कोणी दारात उभा असेल तर संपलं.

ओमाहाकर
म्हणूनच माणसं सोडल्याचा कागद आणि नवा अर्ज एकदमच खिडकीवर सरकवायची. त्या दिवशी जमीन-कार्यालयाच्या रांगेत काय होतं, तेच तुमचं प्रकरण.

माणदेशी
एक विचारू? हे सगळं आपण कुणाच्या जमिनीबद्दल बोलतोय? तो मुलूख पॉनी या मूलनिवासी जमातीचा. १८७० च्या दशकात त्यांना नेब्रास्कातून इंडियन टेरिटरीत (मूलनिवासींसाठी राखलेल्या मुलखात) जावं लागलं. काउंटीचं नाव १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मूलनिवासींकडून मारल्या गेलेल्या कस्टर या अमेरिकन सेनाधिकाऱ्यावरून. नायक-नायिकेच्या डोळ्यासमोरून हे दहा वर्षांत गेलेलं आहे आणि कादंबरीत त्याचा उल्लेखही नसेल, तर ती मला वाचवणार नाही. आमच्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांची माणसं अजून नव्या सातबाऱ्यासाठी खेटे घालतात. 'मोकळी सरकारी जमीन' हे शब्द ऐकले की आधी कोण उठलं ते मी विचारतो.

रेवा_ब
प्रणयकथा आहे ती. प्रत्येक पुस्तकाने सगळं वाहावं असं नाही.

माणदेशी
सगळं नको. पण नायिका विहीर खणताना तिला मातीत काही सापडलं तर ती काय करते, एवढं तरी.

डॉक्टरीणबाई
माणदेशींचा मुद्दा पटतो आणि त्याला नेब्रास्कातलंच खरं उदाहरण आहे. ओमाहा जमातीच्या सुझान ला फ्लेश १८८९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्याच कॉलेजातून १८८६ च्या मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी. आनंदीबाई बाहेर पडल्या त्याच वर्षी सुझान दाखल झाल्या. अमेरिकन मूलनिवासी स्त्रियांमधल्या त्या पहिल्या पदवीधर डॉक्टर. परत येऊन त्यांनी आपल्याच लोकांत काम केलं. त्यांच्या बहिणीने, सुझेटने, १८७९ च्या स्टँडिंग बेअर (पोंका जमातीचा प्रमुख) खटल्याच्या काळात दुभाषी म्हणून काम केलं आणि १८८१ मध्ये टिबल्स या गोऱ्या पत्रकाराशी लग्न केलं. खऱ्या आयुष्यात इतकी जबरदस्त प्रेमकथा असताना बैल विकणारा नायक कशाला हवा?

आणखी एक. त्या काळातल्या अमेरिकेबद्दल मराठी बाईने मराठीत काय लिहिलं ते वाचायचं असेल तर पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', १८८९. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या गेल्या आणि पुढे पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत फिरल्या. अमेरिकेतली दृश्यं मराठीत बसवताना तुमची अडखळ होत असेल, तर त्यांनी ते तेव्हाच करून ठेवलंय.

शब्दवेल्हाळ
रमाबाईंचं मागवते, खरंच धन्यवाद. पण शुक्रवार जवळ येतोय. झाडांच्या दाव्याचं मला पटलंय. फक्त एक, नायक जर्मनीहून आलेला आहे, अजून अमेरिकन नागरिक झालेला नाही. याने काही बिघडत नाही ना?

वाचनघर
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं!

ओमाहाकर
बिघडत नाही. 'नागरिक होण्याचा माझा इरादा आहे' असं लेखी जाहीर केलेल्या माणसाला होमस्टेडही घेता येत होता आणि झाडांचा दावाही. त्याने होमस्टेडसाठी अर्ज केलाय म्हणजे तो कागद त्याच्याकडे असणारच. शेवटी पट्टा घेताना मात्र पूर्ण नागरिक असावं लागे. तुमच्या कथेत ते पुढे जाईल.

वाचनघर
आणि नायिकेचं? परदेशी माणसाशी लग्न केलं की अमेरिकन बाईचं नागरिकत्व जायचं. मग तिचा दावा कुठे राहिला?

ओमाहाकर
तो कायदा १९०७ चा. १८८५ मध्ये असा कायदा नव्हता. लोक काहीबाही बोलत असतील, आणि ते तुम्ही एखाद्या शेजारणीच्या तोंडी घालू शकता. पण या कारणाने कार्यालयात तिची जमीन काढून घेतलेली दाखवू नका.

मृद्गंध
एक अवांतर. मागच्या भागात तिने चुलीत ओंडके घातलेत. त्या माळावर लाकूड कुठलं? वाळलेलं शेण, पिळून गाठी मारलेलं गवत, कणसांचे बुरकुंडे, हेच सरपण.

जुना_सर्व्हेअर
गोवऱ्याच त्या. माझ्या आईने आयुष्यभर थापल्या. धूर डोळ्याला लागतो आणि आच मंद पण बराच वेळ राहते. भाकरीला उत्तम.

मृद्गंध
तिथे थापत नसत काका, माळावर वाळलेल्या तशाच एप्रनमध्ये गोळा करून आणत. पण आच आणि धूर तोच. ताई, हे काका सांगतायत तसंच लिहा, मराठी वाचकाला लगेच कळेल.

निशाणबाज
शेवटी बर्फाचं वादळ घालणार असाल तर १२ जानेवारी १८८८ चं घ्या. सकाळ उबदार होती, मुलं साध्या कपड्यांत शाळेत गेली आणि वर्गात असताना वादळ आलं. तुमची नायिका शिक्षिकाच आहे.

शब्दवेल्हाळ
वादळ मनात होतंच, तारीख मिळाली हे छान झालं. ठरलं, झाडांचा दावा. नायक शिक्षिकेच्या घरी राहायला येतो, गाव बोलतं, विहिरीच्या मातीत सापडणाऱ्या वस्तूचं माणदेशींनी सुचवलेलं तेही घेते आहे. ओमाहाकर, आता शेवटचं. लग्नाच्या वर्षी तो झाडं लावताना दाखवू शकते का? आणि कुठली?

ओमाहाकर
लग्नाच्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी पाच एकर माळ फोडायचा, दुसऱ्या वर्षी आणखी पाच, आणि लागवड तिसऱ्या-चौथ्या वर्षी. एकरी २,७०० झाडं किंवा बिया लावायच्या आणि आठ वर्षांनी एकरी ६७५ जिवंत दाखवायची. १८८५ ला दावा टाकला तर पहिली रोपं १८८७ च्या वसंतात लागतील, म्हणजे वादळाच्या हिवाळ्यात ती जेमतेम हातभर असतील. कॉटनवुड लिहा. प्लॅट नदीच्या वाळूत त्याची रोपं आपोआप उगवायची, ती उपटून गाडी भरून आणत. पैसे लागत नसत.