मदत हवी आहे: लंडनची १८९७ची इलेक्ट्रिक टॅक्सी

नमस्कार मंडळी. वॉल्टर बर्सीच्या ‘लंडन इलेक्ट्रिकल कॅब कंपनी’च्या टॅक्सीचं लाकडी मॉडेल करतोय. ऑगस्ट १८९७मध्ये या गाड्या लंडनच्या रस्त्यावर आल्या. पिवळा-काळा रंग आणि मोटरची गुणगुण, म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘हमिंगबर्ड’.

वरचा भाग सोपा आहे, घोडागाडीच जणू, फक्त घोडा गायब! अडलंय ते खालच्या बॅटरीच्या पेटीपाशी. एकूण ४० सेल, आणि चार्ज संपला की लॅम्बेथच्या डेपोत हायड्रॉलिक यंत्राने अख्खी पेटी खाली उतरवून भरलेली वर चढवायचे. आज ‘बॅटरी स्वॅपिंग’चा गाजावाजा चाललाय, हे लोक तेव्हाच करून बसले होते. पण साधारण दोन टनांची गाडी, टायर भराभर झिजायचे, हादऱ्यांनी बॅटऱ्या खराब व्हायच्या. १८९९मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. माझ्या मते कल्पना पक्की होती, टायरनेच घात केला.

तर विनंती अशी: एक बर्सी कॅब लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. तिकडच्या कुणाकडे तिचे फोटो आहेत का? समोरून काढलेले भरपूर मिळाले. मला चॅसीची खालची बाजू, पेटी कशावर टांगलीय ते आणि मागच्या चाकाची साखळी दिसायला हवी. डेपोतल्या यंत्राचं जुन्या मासिकातलं रेखाचित्र कुणी पाहिलं असेल तर तेही टाका. मापं मिळाली तर दुधात साखर.